माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!

‘दादा, तुमच्या फॉर्मवर मुदत संपली असं येतंय. पण शेवटची तारीख तर आजचीच आहे ना?’

संध्याकाळचे चार वाजले होते. मुदत पाचपर्यंत होती. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एका वसतिगृहाच्या प्रवेशअर्जाचं पान मी बनवून दिलं होतं आणि अडचण आली तर फोन करा म्हणून खाली माझाच नंबर टाकला होता. फोन करणारी मुलगी बारावी झालेली, गाव तालुक्यापासूनही आत. मी लॅपटॉप उघडला, फॉर्म उघडला, सगळं नीट. मग मी ते वाक्य बोललो, जे आपल्या धंद्यातला प्रत्येक जण कधी ना कधी बोलतोच. ‘अगं, माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय. दुसऱ्या फोनवरून बघ ना.’

ती म्हणाली, ‘दादा, घरात हा एकच फोन आहे.’

तो फोन म्हणजे तिच्या भावाने सेकंड हँड घेतलेला आयफोन. मी एका मित्राचा आयफोन मागून घेतला, फॉर्म उघडला, तर खरंच: ‘मुदत संपली आहे.’ पाचला पाऊण तास बाकी होता आणि माझा फॉर्म आयफोनवाल्या प्रत्येकाला दारातूनच परत पाठवत होता.

चूक किती मोठी होती म्हणता? एका अक्षराची. शेवटची तारीख आणि वेळ मी कोडमध्ये एका ओळीत लिहिली होती आणि दोन्हींच्या मध्ये एक मोकळी जागा सोडली होती. जावास्क्रिप्टच्या प्रमाणित नियमानुसार तिथे मोकळी जागा नव्हे, इंग्रजी ‘टी’ हे अक्षर लागतं. बाकी कुठल्याही पद्धतीने लिहिलं तर काय करायचं, ते नियमाने ज्याच्या त्याच्या ब्राउझरवर सोडलंय. क्रोमने समजूतदारपणे ‘असू दे, कळलं मला’ म्हणत तारीख वाचली. त्या काळच्या सफारीने सांगितलं, ‘ही तारीखच नाही.’ आणि जी तारीखच नाही, तिच्याशी आजच्या वेळेची तुलना केली की उत्तर कायम ‘नाही’ येतं. म्हणून मुदत संपली.

मी तो ‘टी’ टाकला, शेवटी भारतीय वेळेचा +०५:३० जोडला, फॉर्म चालू झाला. त्या मुलीचा अर्ज गेला. पण त्या दिवशी झोप आली नाही. कारण तिने निदान फोन केला. ज्यांनी ‘मुदत संपली’ वाचून गुपचूप फोन खिशात टाकला असेल, त्यांचं काय?

तुम्ही वेबसाइट बनवत असाल, शिकत असाल किंवा कुणाकडून बनवून घेत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मला दोन गोष्टी म्हणायच्यात. वेबचे जे प्रमाणित नियम आहेत, ज्यांना आपण वेब स्टँडर्ड्स म्हणतो, ते आधी शिका आणि पाळा. आणि ते पाळले म्हणजे आपलं काम संपलं, असं समजू नका.

एकेकाची वेगळी बोली

आधी थोडा इतिहास, कारण आज आपण ज्या चुका करतोय त्या आधीच्या पिढीने करून ठेवल्यात, आणि त्यांची किंमतही मोजलीय.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली ती १९८९ मध्ये. १९९४ मध्ये त्यांनीच डब्ल्यूथ्रीसी ही नियम ठरवणारी संस्था सुरू केली. पण नियमांची चर्चा चालायची कासवाच्या गतीने आणि बाजारात धावत होते दोन ससे, नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्सप्लोअरर. रोज नवी युक्ती, नवा टॅग. ह्याचं त्याला कळेना, त्याचं ह्याला. वेबसाइटवाले दोन-दोन पानं बनवायचे किंवा सरळ पाटी लावायचे: ‘हे संकेतस्थळ अमुक ब्राउझरमध्येच चांगलं दिसेल.’ दुकानदाराने ‘आमच्याकडे फक्त निळा शर्ट घातलेल्यांना माल मिळेल’ अशी पाटी लावावी, तसला प्रकार.

या गोंधळाचा एक अवशेष आजही तुमच्या खिशात आहे. प्रत्येक ब्राउझर वेबसाइटकडे जाताना आपली ओळख सांगतो. सुरुवातीला काही साइट्स नेटस्केपलाच चांगलं पान द्यायच्या, आणि नेटस्केपची ओळख होती ‘मोझिला’. मग एक्सप्लोअरर म्हणाला, मीपण मोझिलाच. पुढे सफारी म्हणाला, मी मोझिला, शिवाय गेकोसारखा. गेको हे मोझिलाचं इंजिन. २००८ मध्ये क्रोम आला तो म्हणाला, मी मोझिला, मी गेकोसारखा आणि मी सफारीसुद्धा. आजही क्रोम हेच सांगत फिरतो. पंगतीत घुसण्यासाठी प्रत्येकाने आधीच्या पाहुण्याचं आडनाव लावलं आणि ते आडनाव आता कुणालाच काढता येत नाही.

त्या युद्धात एक्सप्लोअरर जिंकला. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली आणि बाजार जवळपास त्याचाच झाला. जिंकल्यावर काय झालं? सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! स्पर्धाच नाही तर सुधारायचं कशाला? जगभरच्या कंपन्यांनी, बँकांनी, सरकारी खात्यांनी आपली कामं या एकाच ब्राउझरच्या लहरीनुसार बांधली. पुढे मायक्रोसॉफ्टलाच २०११ मध्ये ‘कृपया हा ब्राउझर सोडा’ अशी मोहीम चालवावी लागली. एक्सप्लोअररला अखेर रजा मिळाली ती जून २०२२ मध्ये.

एका कोटाची गोष्ट

एकाच ब्राउझरवर विसंबून राहिल्याची सगळ्यात बोलकी किंमत मोजली दक्षिण कोरियाने. नव्वदच्या दशकात अमेरिकेने तगड्या सांकेतिक सुरक्षेच्या निर्यातीवर बंधनं घातली होती. कोरियाने काय केलं, स्वतःचीच सुरक्षा-पद्धत बनवली. नाव सीड. विचार चांगला होता. पण ब्राउझरला ही पद्धत येत नव्हती, म्हणून ती ॲक्टिव्हएक्स नावाच्या जोडणीतून चालवली गेली. आणि ॲक्टिव्हएक्स चालायचं फक्त एक्सप्लोअररमध्ये. मग बँकेपासून खरेदीपर्यंत सगळं त्यावर उभं राहिलं, कायद्यानेही तेच बंधनकारक केलं. जगातला सर्वांत वेगवान इंटरनेट असलेल्या देशांपैकी एक, पण पैसे भरायचे तर एकाच ब्राउझरमधून!

२०१४ मध्ये एक कोरियन मालिका चीनमध्ये तुफान गाजली. नायिकेने घातलेला कोट चिनी चाहत्यांना हवा होता, पैसे हातात होते, पण कोरियन साइटवर खरेदी करताच येईना. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी या कोटाचा उल्लेख करत नियम बदलायला सांगितले. ती जुनी प्रमाणपत्र पद्धत कायद्यातून पूर्ण हद्दपार व्हायला मात्र डिसेंबर २०२० उजाडला. १९९९ च्या सुमारास घेतलेला एक तांत्रिक निर्णय, दोन दशकं मानगुटीवर.

कोरिया लांब वाटत असेल तर घरचं उदाहरण घ्या. आपल्या आई-बाबांना विचारा, २००० सालच्या आसपास मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर कशी वाचायचे? देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा होती. पण तेव्हाचे संगणक ती नीट दाखवायचे नाहीत, म्हणून बहुतेक साइट्सनी आपापले फॉन्ट वापरले. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार चिकटवायचे आणि एक्सप्लोअररच्या खास सोयीने तो फॉन्ट वाचकाकडे पाठवायचा. एक्सप्लोअररमध्ये सुबक मराठी दिसायची. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं की समोर यायची इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती भेळ.

दिसण्याचा प्रश्न तर होताच, त्याहून मोठा प्रश्न शोधण्याचा. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. गुगलवर ‘पाऊस’ शोधा, त्या पानांवर हजारदा पाऊस असूनही एक पान सापडणार नाही. कॉपी करा, दुसरीकडे चिकटवा, कचरा. त्या काळात लिहिले गेलेले कितीतरी लेख, बातम्या, सदरं आज असून नसल्यासारखी आहेत. त्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात तेव्हा जे होतं त्यातून त्यांनी मराठी वाचकापर्यंत मराठी पोचवली. पण आज तुम्ही मराठीत काहीही शोधता आणि ते सापडतं, ते युनिकोड या सर्वांनी मान्य केलेल्या नियमामुळे. ‘नियम-बियम कशाला, चालतंय ना’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

नियमाची पोथी करू नका

आता दुसरी बाजू. कारण आपल्याकडे एक दुसरी जमातही आहे. ही मंडळी नियमाचं पुस्तक घेऊन बसतात. ‘मी स्टँडर्डप्रमाणेच लिहिलंय, तुमचा ब्राउझर जुना आहे, तुम्ही बघा.’ नियम पाळल्याचं समाधान यांना, आणि अडकतो तो समोरचा.

या मंडळींना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, नियमही चुकतात. सीएसएसच्या मूळ नियमात एखाद्या चौकटीची रुंदी मोजताना आतली मोकळी जागा आणि कडा धरायच्या नाहीत असं होतं. म्हणजे १०० मापाची चौकट सांगितली, आत दहा-दहाची जागा सोडली, की प्रत्यक्षात ती १२० ची व्हायची. जुना एक्सप्लोअरर मात्र सगळं १०० मध्येच बसवायचा. नियमाप्रमाणे तो चूक, आणि त्याला नावं ठेवण्यात एका पिढीची तारुण्यं गेली. पण काम करणाऱ्याच्या डोक्याला पटायचा तोच हिशेब. शेवटी नियमातच ‘बॉक्स-सायझिंग’ नावाची सोय आली आणि आज बहुतेक जण आपल्या सीएसएसच्या पहिल्या काही ओळींत तोच ‘चुकीचा’ हिशेब चालू करतात. पान पुन्हा लोड न करता माहिती आणण्याची जी युक्ती आज सगळीकडे वापरतात, तीही आधी १९९९ मध्ये एक्सप्लोअररमध्ये आली आणि नियम मागून झाला. म्हणजे ब्राउझरने पुढे पाऊल टाकायचं आणि नियमाने ते सर्वांसाठी पक्कं करायचं, ही देवाणघेवाण जुनीच आहे.

दुसरी, नियम फार कडक केला तर लोक तो सोडून देतात. एक्सएचटीएमएल नावाचा प्रयोग झाला होता. पान शुद्ध पाहिजे, एक टॅग बंद करायचा राहिला तर पान दिसणारच नाही, फक्त त्रुटीचा संदेश. कागदावर सुंदर. पण वेब बनवणारी माणसं चुका करणारी, आणि चूक आमची असताना शिक्षा वाचकाला का? २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी वेगळी चूल मांडली आणि त्यातून एचटीएमएल ५ उभं राहिलं. त्यांनी काय केलं, तर चुकीचं लिहिलेलं पान कसं वाचायचं, याचाही नियम लिहून काढला. चूक झाली तरी सगळे ब्राउझर ती एकाच पद्धतीने सांभाळून घेतील. मला हे फार आवडतं. शहाणा नियम असाच असतो, माणसं चुकणार हे धरून चालणारा. २००९ मध्ये एक्सएचटीएमएलच्या पुढच्या आवृत्तीचं काम थांबलं.

तिसरी, नियम लिहिला म्हणजे तो लगेच सगळीकडे चालतो असं नाही. तारीख निवडायचा खास रकाना एचटीएमएलच्या नियमात कधीच आला होता. फायरफॉक्समध्ये तो यायला २०१७ लागलं आणि मॅकवरच्या सफारीत २०२१. मधल्या काळात ज्यांनी त्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्यांच्या फॉर्मवर नुसता रिकामा रकाना दिसायचा आणि भरणारा आपल्या मनाने काहीही लिहायचा.

आणि नियम करणारे स्वतःसुद्धा जुन्या वेबसाइट्सचा किती विचार करतात बघा. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये ‘फ्लॅटन’ नावाची एक नवी सोय यायची होती. चाचणीत कळलं की मूटूल्स या जुन्या लायब्ररीवर चालणाऱ्या काही साइट्स त्या नावामुळे मोडतायत. मूटूल्स तोवर मागे पडलेली. ‘मोडू देत, जुन्या आहेत’ म्हणणं सोपं होतं. भरपूर वादावादी झाली, ‘स्मूश’ असं विनोदी नावही सुचवलं गेलं. शेवटी समितीने नाव बदललं, ‘फ्लॅट’ केलं. जगभरच्या नव्या कोडने जुन्या, विसरलेल्या साइट्ससाठी तीन इंग्रजी अक्षरं सोडून दिली.

आजचा एक्सप्लोअरर कोण?

‘आता हे सगळं जुनं झालं’ असं वाटत असेल, तर तुमच्या शेजारच्या बाकावरचा लॅपटॉप बघा. क्रोम. त्याच्या शेजारी? क्रोम. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा स्वतःचं इंजिन सोडलं आणि जानेवारी २०२० पासूनचा एज हा आतून क्रोमच्याच इंजिनावर चालतो. ऑपेरा, ब्रेव्ह, तेही तसेच. क्रोम चांगला ब्राउझर आहे, मीही वापरतो. तक्रार क्रोमशी नाही, आपल्याशी आहे. ‘क्रोमवर चालतंय’ म्हणजे ‘चालतंय’ असं आपण धरून चाललोय. अगदी हेच वाक्य वीस वर्षांपूर्वी एक्सप्लोअररबद्दल बोललं जायचं.

गंमत म्हणजे आयफोनवरचा क्रोमसुद्धा आतून क्रोम नाही. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवरच्या ब्राउझरना सफारीचंच इंजिन वापरावं लागतं. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्याने २०२४ मध्ये थोडी सूट मिळाली, आपल्याकडे नाही. म्हणजे ‘आयफोनवर क्रोम टाका ना’ हा सल्ला देणाऱ्याने स्वतःच्याच अज्ञानाची पावती फाडलेली असते.

आणि फोन नवाच असेल कशावरून? २०१७ मध्ये जिओफोन आला. २४० बाय ३२० चा पडदा, खाली बटणं आणि आत कायओएस, ज्याचं ब्राउझर इंजिन फायरफॉक्सच्या २०१६ सालच्या आवृत्तीतलं. सीएसएस ग्रिड ही पानाची मांडणी करायची अप्रतिम सोय मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांतही आली. जिओफोनच्या वाट्याला ती आलीच नाही. स्वस्त अँड्रॉइड फोनचं तर विचारूच नका. ब्राउझर अपडेट व्हायला जागा लागते आणि जागा खाल्लेली असते गुड मॉर्निंगच्या फोटोंनी.

पण इथेच वेबची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दिसते. सीएसएसला एखादी ओळ कळली नाही तर तो रुसून बसत नाही. ती ओळ सोडतो आणि पुढे जातो. तुम्ही ग्रिड लिहिली आणि जिओफोनला ती कळली नाही, तर काय होईल? सगळे रकाने एकाखाली एक येतील. २४० च्या पडद्यावर तसेही ते एकाखाली एकच हवे होते! तुम्ही मूळ पान नीट लिहिलं असेल, तर काही न करता ते चालतं.

मग करायचं काय?

तुम्ही म्हणाल, प्रवचन पुरे, कामाचं सांग. सांगतो.

आधी पान साध्या, शुद्ध एचटीएमएलमध्ये उभं करा. बटणाला बटणच वापरा, चौकोन रंगवून त्याला बटण म्हणू नका. फॉर्म हा खरा फॉर्म असू द्या, जावास्क्रिप्ट अडकली तरी अर्ज जाईल असा. त्यावर सीएसएसने रूप चढवा. जावास्क्रिप्टचे लाड सगळ्यात शेवटी. भाकरी आधी, ठेचा नंतर. ठेचा नसला तरी पोट भरलं पाहिजे.

‘कुठला ब्राउझर आहेस?’ हे विचारू नका. सगळे खोटं आडनाव लावून फिरतात हे आपण पाहिलंच. ‘तुला हे येतं का?’ एवढंच विचारा. सीएसएसमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन्हीकडे तशी सोय आहे. येत असेल तर छान, नसेल तर साधं रूप.

नवी सोय वापरण्याआधी ती कुठे चालते ते बघा. ‘कॅन आय यूज’ ही साइट त्यासाठीच आहे. २०२३ पासून ‘बेसलाइन’ नावाची खूणही मिळते. सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये एखादी सोय येऊन ३० महिने झाले की ती ‘सर्वत्र उपलब्ध’ मानली जाते. २०२२ पासून ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला हे एरवीचे प्रतिस्पर्धी ‘इंटरऑप’ या उपक्रमात दरवर्षी एकत्र बसून काही सोयी सगळीकडे सारख्या चालाव्यात म्हणून कामही करतात. काम पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय. न करायला सबब उरलेली नाही.

प्रत्येक ब्राउझरमध्ये पान तंतोतंत सारखं दिसलं पाहिजे, हा हट्ट सोडा. क्लायंटलाही सोडायला लावा. एकाच्या फोनवर कोपरे गोल, दुसऱ्याच्या चौकोनी, काय बिघडलं? अर्ज दोघांचाही गेला पाहिजे. सावल्या आणि रंगछटांवर आठवडा घालवायचा आणि सबमिटचं बटण आयफोनवर तपासायचंच नाही, ह्याला म्हणतात पिंडाला सोडून भलतीकडेच पाणी घालणं.

मराठी पान बनवत असाल तर आणखी थोडं. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी असल्याचं लिहा. एक छोटासा ‘लँग’, त्यात ‘एमआर’, बस्स. त्यामुळे चांगल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची आपली मराठी वळणं आपोआप येतात, आणि अंध वाचकाला पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कळतं की हे मराठीत वाचायचंय. इंग्रजी मथळ्यात शोभणारं अक्षरांमधलं अंतर मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने आवळू नका. मी एका पानावर ‘पुढे जा’चं ‘पढे जा’ झालेलं पाहिलंय, खालचा उकार कापला गेला होता. नियमात कुठेही चूक नव्हती. मराठी वाचणाऱ्या कुणीतरी एकदा फोनवर उघडून बघायला हवं होतं, इतकंच.

आणि शेवटचं, सगळ्यात स्वस्त साधन: मागून आणलेले फोन. मित्राचा आयफोन, आईचा जुना अँड्रॉइड, लॅपटॉपवर फायरफॉक्स. पान द्यायच्या आधी एक तास. फक्त उघडून बघू नका, शेवटपर्यंत फॉर्म भरा.

‘पण दोन टक्क्यांसाठी एवढं?’

हा प्रश्न येणारच. मलाही माझ्या पहिल्या नोकरीत विचारला गेला. बजेट नाही, वेळ नाही, क्लायंटला उद्या हवंय, फायरफॉक्स वापरतो कोण?

प्रश्न खोटा नाही. प्रत्येक जुन्या फोनसाठी सगळं करता येत नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. एखाद्या खेळाच्या साइटवर चार अ‍ॅनिमेशन दिसली नाहीत तर जग बुडत नाही. पण रेघ कुठे ओढायची हे त्या पानावर काय अडकलंय यावरून ठरवा. समजा एखाद्या प्रवेशासाठी एक लाख अर्ज येणार आहेत. दोन टक्के म्हणजे दोन हजार मुलं. आणि ती कुठलीही दोन हजार नसतात. जुना फोन, भरलेलं स्टोरेज, घरात एकच उपकरण असलेली असतात. ज्यांना सायबर कॅफेत जाऊन पुन्हा पैसे मोजणं जड जातं तीच. वेबसाइट मोडली की ती आधी त्यांच्यासाठी मोडते. तुमच्या लॅपटॉपवर ती कधीच मोडत नाही, म्हणून तुम्हाला कळतही नाही. तुमच्या आकडेवारीतही दिसत नाही, कारण जो आत येऊच शकला नाही त्याची नोंद होणार कशी?

वेळेचंही एक सांगतो. नियमाप्रमाणे लिहायला जास्त वेळ लागतो, हा गैरसमज आहे. माझ्या फॉर्ममधला तो ‘टी’ लिहायला किती वेळ लागला असता? मी नियम वाचलाच नव्हता. कुठूनतरी ओळ उचलली, क्रोमवर चालली, पुढे गेलो. आणि नियम वाचला असता तरीही आयफोनवर एकदा बघणं माझंच काम होतं. दोन्ही केलं असतं तर त्या मुलीला माझा नंबर कधी लागलाच नसता.

पुढे तिने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता. वसतिगृहाच्या दारात, बॅग घेऊन. खाली लिहिलं होतं, ‘थँक्यू दादा, तुम्ही फॉर्म चालू केलात.’ मी बराच वेळ उत्तर टाइप करत होतो, खोडत होतो. बंद पाडला होता तोही मीच, हे तिला कुठे माहीत होतं?

तेव्हापासून ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ हे वाक्य तोंडावर आलं की मी गिळतो. आणि ‘तुझ्याकडे कुठला फोन आहे?’ हे आधी विचारतो. तुम्हीही विचारून बघा.